तो पत्ता माझा आहे का? एआरपी आणि अनेक राउटिंग टेबलांची गोष्ट

समजा, तुम्ही प्रयोगासाठी एका लिनक्स यंत्राला दोन नेटवर्क कार्डं लावलीत. दोन्हींच्या केबल एकाच स्विचमध्ये गेल्यात. पहिल्या कार्डाचा पत्ता १९२.१६८.५.१०, दुसऱ्याचा १९२.१६८.५.११. तुम्हाला दोन्ही कार्डांवरून येणाऱ्या ट्रॅफिकची तुलना करायचीय. दुसऱ्या यंत्रावरून तुम्ही आधी .१० कडे, मग .११ कडे डेटा पाठवता. आकडे येतात, आलेख निघतो, दोन्ही रेषा जवळजवळ एकावर एक बसतात. तुम्ही लिहिता, ‘दोन्ही कार्डांत फरक आढळला नाही.’ आणि प्रत्यक्षात सगळा डेटा पहिल्याच कार्डातून आत आलेला असतो!

गंमत म्हणजे यात कुठेही एरर येत नाही. पिंग चालतं. कार्डांचे काउंटर कोणी मुद्दाम उघडून पाहिले तरच हे कळतं. हे असं का होतं, ते समजायला थोडं मागे जावं लागतं.

नोव्हेंबर १९८२ मध्ये डेव्हिड प्लमर यांनी आरएफसी ८२६ लिहिली. प्रश्न साधा होता. इथरनेटचा पत्ता ४८ बिटांचा, आयपीचा ३२ बिटांचा. ४८ बिट ३२ मध्ये कोंबता येत नाहीत, म्हणजे एकावरून दुसरा थेट काढता येत नाही. मग केबलवरच्या सगळ्यांना ओरडून विचारायचं, ‘हा आयपी पत्ता कोणाचा?’ ज्याचा असेल तो आपला इथरनेट पत्ता कळवेल. हाच एआरपी. त्या काळी केबलवर फक्त आयपी नव्हता. केऑसनेट होतं, झेरॉक्सचं पप होतं. म्हणून प्लमर यांनी हा प्रोटोकॉल कुठल्याही पत्त्याला चालेल असा सैल ठेवला.

संशोधनाच्या तयारीत असाल तर हा दस्तऐवज मूळातून वाचाच, अगदी छोटा आहे. प्रश्नाचं पॅकेट आल्यावर काय करायचं याच्या पायऱ्या त्यात दिल्यात. हार्डवेअरचा प्रकार ओळखीचा आहे का? प्रोटोकॉल मला येतो का? विचारणाऱ्याची नोंद माझ्याकडे आधीच असेल तर ती ताजी करा. आणि मग कळीची पायरी येते: विचारलेला पत्ता माझा आहे का?

या वाक्यातला ‘मी’ कोण? ज्या कार्डावर प्रश्न आला ते कार्ड, की अख्खं यंत्र? एक यंत्र, एक कार्ड, एक पत्ता एवढाच मामला असेल तर हा प्रश्न पडतच नाही. दोन कार्डं आली की पडतो. माझ्या मते पुढच्या तीसेक वर्षांची सगळी खटपट या एका सर्वनामाभोवती फिरते.

ऑक्टोबर १९८९ मध्ये रॉबर्ट ब्रेडन यांनी संपादित केलेली आरएफसी ११२२ आली. इंटरनेटवरच्या यंत्रांनी कसं वागावं याची ती नियमावली. तिच्यात दोन विचार शेजारी शेजारी मांडलेत. ‘कडक’ विचार असा की पत्ता कार्डाचा; दुसऱ्या कार्डावरून आलेलं पॅकेट घेऊ नये. ‘सैल’ विचार असा की पत्ता यंत्राचा. कुठल्याही दारातून आलं तरी घ्यावं. नियमावलीने निवाडा केला नाही, दोन्हींना मुभा दिली. लिनक्सने सैल विचार उचलला. विंडोजने व्हिस्टापासून कडक विचार धरला. कोणी चुकलं असं म्हणता येत नाही. सैल विचारात संपर्क जुळण्याची शक्यता वाढते, हे लिनक्सवाल्यांचं म्हणणं खरंच आहे. फक्त मोजमाप करणाऱ्याच्या पायाखालची जमीन सरकते, एवढंच.

आता लिनक्सच्या आत बघू. एआरपीचा प्रश्न आला की कर्नल स्वतःच्या कार्डांची यादी चाळत नाही. तो राउटिंगलाच विचारतो: ‘अमुक पत्त्याकडून, अमुक कार्डावर, या पत्त्यासाठी पॅकेट आलं असतं तर ते माझंच ठरलं असतं का?’ राउटिंग ‘हो’ म्हणालं तर उत्तर जातं. यंत्राचे सगळे पत्ते ‘लोकल’ नावाच्या एकाच टेबलात असतात. त्यामुळे .११ साठीचा प्रश्न पहिल्या कार्डावर आला तरी उत्तर ‘हो’च. प्रश्न तर ब्रॉडकास्ट असतो, दोन्ही कार्डांवर पोचतो, दोन्ही कार्डं आपापला इथरनेट पत्ता कळवतात. शेजाऱ्याकडे कुठली नोंद टिकेल हे शर्यतीवर ठरतं. याला एआरपी फ्लक्स म्हणतात. तुमच्या आलेखातल्या जुळ्या रेषा इथून येतात.

जानेवारी १९९९ मध्ये लिनक्स २.२ आलं आणि त्यासोबत एकापेक्षा जास्त राउटिंग टेबलं आली. मॉस्कोच्या अणुसंशोधन संस्थेतले अलेक्सी कुझनेत्सोव्ह हे या कामाचे मुख्य कर्ते. नियमांची एक रांग असते. शून्य क्रमांकाला लोकल टेबल, ३२७६६ ला मेन, ३२७६७ ला डिफॉल्ट. मधल्या मोकळ्या जागेत आपण आपले नियम घालायचे: या पत्त्यावरून निघालेलं पॅकेट असेल तर १०० क्रमांकाचं टेबल बघ, ही खूण असेल तर २०० बघ. राउटिंगसाठी हे वरदानच होतं. पण एआरपी राउटिंगला विचारून चालतो, त्यामुळे तुम्ही घातलेला प्रत्येक नियम नकळत एआरपीच्या वाटेतही येतो. टेबलं कितीही झाली तरी शेजाऱ्यांची नोंदवही मात्र एकच राहते. तिच्यात आयपी पत्ता आणि कार्ड यांची जोडी असते, टेबलाचा क्रमांक नसतो.

इथून दोष शोधणं अवघड होतं, कारण लक्षण एका थरावर दिसतं आणि कारण दुसऱ्यावर असतं. सगळ्यात छळणारं उदाहरण घ्या. टीसीपीडंपमध्ये दिसतंय की .११ साठीचा प्रश्न दुसऱ्या कार्डावर येतोय. उत्तर मात्र जात नाही. कार्ड ठीक, केबल ठीक, फायरवॉल बंद. इथे बहुतेक वेळा आरपी_फिल्टर असतो. प्रश्न विचारणाऱ्याकडे परत जायची वाट त्याच कार्डावरून आहे का, हे तो तपासतो. त्याची किंमत १ असेल आणि परतीची वाट दुसऱ्याच कार्डावरून निघत असेल, तर प्रश्न गुपचूप टाकून दिला जातो. तुम्ही टेबल निवडायला खूण वापरली असेल तर हे हमखास घडतं, कारण आत येणाऱ्या एआरपी प्रश्नावर तुमची खूण नसते. कर्नल मग मेन टेबल बघतो आणि तिथे पहिलं कार्ड सापडतं.

हे अंदाजाने शोधत बसू नका. कर्नलने जो प्रश्न स्वतःला विचारला तोच तुम्ही त्याला विचारू शकता. ‘आयपी रूट गेट’ला नुसता पत्ता न देता ‘फ्रॉम’मध्ये शेजाऱ्याचा पत्ता द्या आणि ‘आयआयएफ’मध्ये प्रश्न ज्यावर आला ते कार्ड द्या. उत्तरात ‘लोकल’ दिसलं तर राउटिंगची हरकत नाही. ‘इनव्हॅलिड क्रॉस-डिव्हाइस लिंक’ अशी एरर आली तर आरपी_फिल्टरने अडवलंय. तिथे त्याची किंमत २ करून बघा. मग परतीची वाट कुठल्याही कार्डावरून असली तरी चालते. या सेटिंगला ‘ऑल’ची किंमत आणि कार्डाची किंमत यातली मोठी लागू पडते. कार्डावर ० लिहून ‘ऑल’मध्ये १ तसाच ठेवला तर काहीच बदलत नाही.

फ्लक्सवरचे उपाय हळूहळू जमा झाले. एआरपी_फिल्टर १ केलं की कर्नल उलटं विचारतो: विचारलेल्या पत्त्यावरून विचारणाऱ्याकडे पॅकेट पाठवलं तर ते याच कार्डावरून निघेल का? निघत नसेल तर गप्प. म्हणजेच प्रत्येक पत्त्यासाठी वेगळं टेबल आणि ‘फ्रॉम’चा नियम असल्याशिवाय हा स्विच उपयोगाचा नाही, नुसता लावला तर.११ साठी भलतंच कार्ड उत्तर देत राहील.

दुसरी जोडी वेगळ्या गरजेतून आली. १९९८ मध्ये वेनसाँग झांग यांनी लिनक्स व्हर्च्युअल सर्व्हर सुरू केला. त्याच्या एका पद्धतीत अनेक सर्व्हरांवर एकच पत्ता ठेवायचा असतो, आणि सगळ्यांनी एआरपीला उत्तर दिलं तर खेळ खलास. बरीच वर्षं लोक कर्नलला वेगळा पॅच लावून भागवत होते. २००४ मध्ये २.६.४ आणि २.४.२६ या आवृत्त्यांत एआरपी_इग्नोर आणि एआरपी_अनाउन्स मिळाले. पहिल्यात १ ठेवलं तर पत्ता त्याच कार्डाचा असेल तरच उत्तर जातं. दुसऱ्यात २ ठेवलं तर आपण विचारताना भलत्या कार्डाचा पत्ता पुढे करत नाही. दोन कार्डांच्या प्रयोगाला बहुतेकदा ही जोडी पुरते, पण ती फक्त आत येणारी वाट सुधारते. बाहेर जाणारा डेटा कुठून जाईल हे अजूनही टेबलंच ठरवतात, त्यामुळे ‘फ्रॉम’चे नियम तेव्हाही हवेतच.

मुळाशी जाणारा बदल २०१५ च्या ४.३ आवृत्तीत आला. व्हीआरएफमध्ये कार्ड घातलं की त्याचे लोकल पत्तेसुद्धा त्या व्हीआरएफच्या टेबलात जातात. पहिल्या कार्डावर .११ विचारलं तर तिथल्या टेबलाला तो आपला वाटतच नाही. यासाठी लोकल टेबलाचा शून्य क्रमांकाचा नियम खाली सरकवायची शिफारस आहे. सरकवताना नवा नियम आधी घाला, जुना मग काढा. उलट केलंत आणि यंत्र दूर असेल, तर चालत जावं लागेल.

शून्य क्रमांकाच्या त्या नियमाचा अजून एक सापळा आहे. दुसरं यंत्र हाताशी नाही म्हणून त्याच यंत्रावर .१० वरून .११ कडे डेटा पाठवाल, तर तो केबलवर उतरणारच नाही. लोकल टेबल सगळ्यात आधी बघितलं जातं, दोन्ही पत्ते त्यात आहेत, आणि डेटा लूपबॅकवरून आतल्या आत फिरतो. एआरपीचा प्रश्नसुद्धा निघत नाही. एक गिगाबिटच्या कार्डावर कित्येक गिगाबिटचा वेग दिसला तर आनंद होण्याआधी हे आठवा. अशा वेळी दोन्ही कार्डं वेगवेगळ्या नेटवर्क नेमस्पेसमध्ये टाका. तिथे राउटिंग टेबलं वेगळी, शेजाऱ्यांची नोंदवही वेगळी. मोजणी सुरू करण्याआधी दोन्ही कार्डांचे काउंटर लिहून घ्या, संपल्यावर पुन्हा लिहा, आणि ते आकडे निकालाच्या शेजारीच ठेवा.