फारकत झाली, खाते राहिले

परवा एक जुनी विद्यार्थिनी आली. फारकत होऊन वर्ष झालं. तरी दोघांच्या नावावरच्या कर्जाची नोटीस हिलाच. "सर, कोर्टाने तर सोडवलं ना?"

मुंबई प्रांतात हिंदूंना घटस्फोटाचा कायदा १९४७ साली मिळाला. आपला बुलढाणा तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात. आपल्याकडे तो १९५५ साली आला. कराराचा कायदा मात्र १८७२ चा. त्याचं ४३वं कलम सांगतं, की कर्ज दोघांनी मिळून घेतलं असेल, तर सावकार एकाकडूनही सगळी रक्कम मागू शकतो. भरणाऱ्याने मग दुसऱ्याचा वाटा त्याच्याकडून वसूल करायचा. घटस्फोटाने बँकेशी केलेला करार मोडत नाही.

मंडळी, आपल्या लेकींना सांगा: वेगळं होतानाच बँकेला लेखी कळवून संयुक्त खात्यावरचे व्यवहार थांबवा. जुनी बाकी राहतेच, नवी तरी चढणार नाही.