चिलीतील आर्थिक धक्का-उपचार

चिलीतील आर्थिक धक्का-उपचार हा जनरल ऑगुस्तो पिनोशे यांच्या लष्करी राजवटीने एप्रिल १९७५ मध्ये लागू केलेला मुक्त बाजारपेठेचा कार्यक्रम होय. संकटकाळाचा लाभ घेऊन एरवी लोकांनी नाकारली असती अशी धोरणे राबवण्याचे हे ठळक उदाहरण मानले जाते.

पार्श्वभूमी

१९५६ साली चिलीचे कॅथॉलिक विद्यापीठ व शिकागो विद्यापीठ यांच्यात करार झाला. त्यातून शिकागोत शिकून आलेले अर्थतज्ज्ञ 'शिकागो बॉईज' म्हणून ओळखले जातात. निवडणुकीच्या राजकारणात त्यांच्या विचारांना फारसे स्थान नव्हते. साल्वादोर आयेंदे यांच्या समाजवादी सरकारच्या अखेरच्या काळात महागाईचा वार्षिक दर ५०० टक्क्यांवर गेला. ११ सप्टेंबर १९७३ रोजी लष्कराने सत्ता बळकावली. या अर्थतज्ज्ञांचा 'एल लाद्रियो' (वीट) हा जाडजूड आराखडा मात्र उठावापूर्वीच तयार होता.

अंमलबजावणी

मार्च १९७५ मध्ये मिल्टन फ्रीडमन यांनी पिनोशे यांची भेट घेऊन खर्चकपात एकदम करण्याचा सल्ला दिला. पुढच्याच महिन्यात सरकारी खर्चाला मोठी कात्री लागली. आयातशुल्क टप्प्याटप्प्याने बहुतांश वस्तूंवर १० टक्क्यांपर्यंत उतरवण्यात आले. संसद बरखास्त आणि प्रमुख कामगार महासंघ बेकायदा असल्याने विरोधाला व्यासपीठच उरले नव्हते. त्या वर्षी राष्ट्रीय उत्पन्न सुमारे १३ टक्क्यांनी घटले. महागाई १९८१ पर्यंत आटोक्यात आली, पण १९८२ मध्ये अर्थव्यवस्था पुन्हा कोसळली व सरकारला मोठ्या खासगी बँका ताब्यात घ्याव्या लागल्या. १९८१ पासून निवृत्तिवेतन खासगी कंपन्यांकडे सोपवले गेले. लष्कराला मात्र या योजनेतून वगळण्यात आले.

मतभेद

दडपशाही व आर्थिक स्वातंत्र्य या एकाच धोरणाच्या दोन बाजू आहेत, असे आयेंदे सरकारमधील माजी मंत्री ओर्लान्दो लेतेलिएर यांनी ऑगस्ट १९७६ मध्ये लिहिले. पुढील महिन्यात वॉशिंग्टनमध्ये गाडीतील बॉम्बस्फोटाने त्यांची हत्या झाली. नाओमी क्लाइन यांनी 'द शॉक डॉक्ट्रिन' (२००७) या ग्रंथात हेच सूत्र इतर देशांना लावले. खरा बदल संकटातच घडतो व तेव्हा हाताशी असलेले विचार स्वीकारले जातात, असे फ्रीडमन यांनी १९८२ मध्ये म्हटले होते. क्लाइन यांना त्यात व्यूहरचना दिसते, तर फ्रीडमन यांच्या समर्थकांच्या मते ते केवळ निरीक्षण आहे. आयेंदे यांनी राष्ट्रीयीकरण केलेल्या तांब्याच्या मोठ्या खाणी पिनोशे यांनीही सरकारकडेच ठेवल्या, ही बाब या वादात बहुधा दुर्लक्षित राहते.