घोड्यावर बसता येणारा माणूस

आमच्या मामाला इंग्रजी बेताचंच यायचं, पण मॅटिनीचे इंग्रजी सिनेमे तो सोडायचा नाही. त्यातही घोडे असलेले. 'मॅकेनाज गोल्ड' त्याने किती वेळा पाहिला याची गणती नाही. मे महिन्याच्या सुट्टीत मी पुण्याला त्याच्याकडे असलो की रविवारी सकाळी सायकलच्या दांडीवर बसून आमची स्वारी निघायची. अशाच एका रविवारी 'हँग एम हाय' पाहिला. सुरुवातीलाच क्लिंट ईस्टवुडला काही कारण नसताना झाडाला लटकवतात, आणि तो शेवटचे श्वास मोजत असताना एक मार्शल येऊन दोर कापतो. मध्यंतरात मी विचारलं, "मामा, तो दोर कापणारा कोण रे?"

मामा शेंगदाणे सोलत म्हणाला, "नाव नाही ठाऊक. पण त्या सगळ्यांत घोड्यावर बसता येतं ते त्या एकट्याला."

मामाचं बालपण गावाकडे घोड्यागुरांत गेलेलं, त्यामुळे त्याच्या या असल्या मतांवर कुणी वाद घालत नसे. त्या नटाचं नाव मला खूप वर्षांनी कळलं. बेन जॉन्सन. आणि मामाचं निदान अचूक होतं, हेही तेव्हाच कळलं.

बेन जॉन्सनचा जन्म १३ जून १९१८ चा, अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातल्या फोरेकर नावाच्या छोट्याशा गावातला. वडिलांचं नावही बेन जॉन्सनच. ते मोठ्या रँचवर काम करायचे आणि शिवाय रोडिओतले नावाजलेले चँपियन होते. म्हणजे धावत्या घोड्यावरून धावत्या बैलावर दोराचा फासा टाकायचा, हा घरचाच धंदा. पोरगाही तेच करू लागला. काउबॉय म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हॅट आणि पिस्तुल येतं, पण काउबॉय म्हणजे शेवटी गुराखीच की! दिवसाला एक डॉलर मजुरी. १९४० च्या सुमारास हॉवर्ड ह्यूजने 'द आउटलॉ' सिनेमासाठी घोडे खरेदी केले आणि ते पोचवायला हा पोरगा सोबत गेला. हॉलीवुडमधला पहिला चेक तीनशे डॉलर्सचा आला. त्यानंतर मला काठीने हाकललं असतं तरी मी परत गेलो नसतो, असं तो पुढे सांगायचा.

पुढची काही वर्षं तो घोडे सांभाळायचा आणि नटांच्या बदली पडायचा. जॉन वेन, हेन्री फोंडा अशा मंडळींचा डबल. पडद्यावर पाठ दिसायची, तोंड नाही. १९४१ मध्ये त्याने लग्न केलं ते हॉलीवुडला घोडे भाड्याने देणाऱ्या तबेलेवाल्या फॅट जोन्सच्या मुलीशी, कॅरलशी. सासुरवाडीही घोड्यांचीच!

त्याचं नशीब फिरलं ते 'फोर्ट अपाची' (१९४८) च्या शूटिंगला. तीन माणसं बसलेल्या गाडीचे घोडे उधळले. जॉन्सन घोड्यावर होता, त्याने गाडी गाठली आणि थांबवली. दिग्दर्शक जॉन फोर्डने याचं बक्षीस मिळेल म्हणून सांगितलं. याला वाटलं, आणखी एखादं पडायचं काम मिळेल. हातात आला सात वर्षांचा करार. पाचव्या ओळीत आठवड्याला पाच हजार डॉलर्स असा आकडा दिसला, पुढचं न वाचताच सही केली, असं तो सांगायचा.

फोर्डच्या 'शी वोअर अ यलो रिबन' (१९४९) मधला त्याचा सार्जंट टायरी एकदा पाहाच. विशेष काही करत नाही. कमी बोलतो, आणि साहेबांनी मत विचारलं की हे माझं खातं नव्हे म्हणतो (आणि मग नेमकं सांगतो!). पण मॉन्युमेंट व्हॅलीतल्या लाल मातीतून तो घोडा भरधाव सोडतो तेव्हा माणूस कुठे संपला आणि घोडा कुठे सुरू झाला हे कळत नाही. पुढच्या वर्षी 'वॅगन मास्टर' मध्ये फोर्डने त्याला चक्क नायक केलं. त्याच वर्षीच्या 'रिओ ग्रांडे' मध्ये तो दोन घोड्यांवर एकेक पाय ठेवून उभा राहतो आणि तसाच अडथळ्यावरून उडी मारतो. ट्रिक फोटोग्राफी नाही, काही नाही.

आणि इथेच माशी शिंकली.

जॉन फोर्ड दिग्दर्शक म्हणून महान आणि माणूस म्हणून महाकठीण. सेटवर चारचौघांत एकेकाचा पाणउतारा करायचा. जॉन वेनसारखा धिप्पाड माणूसही त्याच्यापुढे मान खाली घालून ऐकून घ्यायचा. 'रिओ ग्रांडे'च्या वेळी एका रात्री सगळे जेवायला बसलेले असताना जॉन्सन शेजारच्या हॅरी केरी ज्युनिअरला हळूच म्हणाला की आज गोळ्या भरपूर झाडल्या, पण मेलं कुणीच नाही. फोर्डच्या कानावर ते गेलं. काय म्हणालास, म्हणून तो गरजला. मी याच्याशी बोलत होतो, एवढंच जॉन्सन म्हणाला. फोर्ड आणखी चढ्या आवाजात बोलला. तेव्हा जॉन्सन उठला, टेबलाला वळसा घालून फोर्डच्या कानाशी वाकला, तुझा पिक्चर कुठे घालायचा ते त्याला हलक्या आवाजात सांगितलं आणि निघून गेला. हा प्रसंग केरीनेच पुढे आपल्या आठवणींत लिहिला आहे.

सिनेमा पूर्ण झाला, पण त्यानंतर फोर्डने त्याला बोलावलं ते थेट 'शायेन ऑटम' (१९६४) साठी. मधे 'द सर्चर्स' होऊन गेला, 'लिबर्टी व्हॅलन्स' होऊन गेला. म्हणजे फोर्डचे उत्तमातले उत्तम सिनेमे, आणि त्यांत हा नाही. जेवणाच्या टेबलावरच्या एका वाक्याची ही किंमत. मला त्याचा हेवा वाटतो. नोकरीच्या इतक्या वर्षांत मीही असे प्रसंग पाहिले, आणि दर वेळी पानातलं निमूट संपवून उठलो.

बरं, त्यानंतर हा करतो काय? १९५३ मध्ये, 'शेन' मधल्या कॅलोवेचं कौतुक होत असताना, सिनेमा बाजूला ठेवून रोडिओ खेळायला जातो! आपण वडिलांइतके चांगले आहोत का, हे त्याला एकदा पाहायचं होतं. वर्षभर गावोगाव हिंडला आणि टीम रोपिंगमध्ये जगज्जेता झाला. यात दोन स्वारांनी मिळून एक बैल पकडायचा असतो. एकाचा फासा शिंगांना, दुसऱ्याचा मागच्या पायांना. हिशेब केला तर हातात उरलं काय? तीन डॉलर्स, खिळखिळी झालेली मोटार आणि संतापलेली बायको. हे त्याचंच वर्णन. मग परत सिनेमात, मिळतील ती कामं करत. 'वन-आइड जॅक्स', 'मेजर डंडी', तो आमचा दोर कापणारा मार्शल आणि मग सॅम पेकिनपाचा 'द वाइल्ड बंच' (१९६९). त्यात शेवटी चौघे जण मरायलाच चालत निघतात, त्यातला एक हा.

१९७० मध्ये पीटर बॉग्दानोविच नावाचा तरुण दिग्दर्शक 'द लास्ट पिक्चर शो' काढत होता. टेक्ससमधलं मरायला टेकलेलं गाव, तिथलं एकुलतं एक थिएटर, आणि ते चालवणारा सॅम द लायन. या भूमिकेला त्याला बेन जॉन्सनच हवा होता. जॉन्सनने साफ नकार दिला. का, तर संवाद फार आणि त्यात शिव्या. आता 'वाइल्ड बंच' मधल्या रक्ताच्या सड्यात हाच माणूस उभा होता, त्यामुळे मला आधी हे ढोंग वाटलं होतं. पण फोर्डच्या अंगावर ओरडायच्या जागी त्याच्या कानाशी वाकणारा माणूस हाच, हे आठवलं आणि पटलं.

बॉग्दानोविचने मग कुणाला फोन करावा? जॉन फोर्डला! आणि फोर्डने जॉन्सनला फोन करून झापलं, की जन्मभर वेनच्या मागेमागेच फिरणार आहेस का. वीस वर्षांपूर्वी ज्याच्या टेबलावरून हा उठून गेला होता, त्याच्या शब्दाखातर याने हो म्हटलं. पण शिव्या काढून टाकायच्या अटीवर.

पडद्यावर तो जेमतेम दहा मिनिटं आहे. तळ्याकाठी बसून, वीसेक वर्षांपूर्वी इथेच एका मुलीबरोबर घोड्यावरून आलो होतो, एवढंच तो पोरांना सांगतो. कॅमेरा हळूहळू जवळ जातो. घोडा दिसत नाही, फक्त त्या म्हाताऱ्याचे डोळे दिसतात. १९७२ च्या एप्रिलमध्ये त्याला सहायक अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं. रोडिओचं जगज्जेतेपद आणि ऑस्कर, दोन्ही मिळवणारा माणूस तो एकटाच. फोर्ड पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९७३ मध्ये गेला.

जॉन्सन शेवटपर्यंत कामं करत राहिला. पन्नासहून अधिक वर्षांच्या संसारानंतर १९९४ मध्ये कॅरल गेली. ८ एप्रिल १९९६ रोजी ॲरिझोनातल्या मेसा इथे तो आईला भेटायला गेलेला असताना तिथेच गेला. तो सत्त्याहत्तरचा, आणि आई नव्वदी ओलांडलेली.

हे सगळं मला समजलं तेव्हा मामा राहिला नव्हता. नाहीतर त्याला फोन करून नाव सांगितलं असतं.