टुणटुण नव्हे, उमादेवी

आपल्याकडे जाड मुलीला चिडवायला एक नाव तयार असते : टुणटुण. त्या नावामागची बाई गायिका होती, हे चिडवणाऱ्यांना ठाऊक नसते.

उमादेवी खत्री मूळच्या उत्तर प्रदेशातल्या. लहानपणीच पोरक्या झाल्या आणि गाण्याच्या ओढीने मुंबईला आल्या. परळच्या कारदार स्टुडिओचा 'दर्द' १९४७ साली आला. गीते शकील बदायुनींची, संगीत नौशाद यांचे. पडद्यावर मुनव्वर सुलताना, आवाज उमादेवींचा. ते गाणे देशभर गाजले. तेव्हा त्यांचे वजन कुणी विचारले नाही.

पुढे लता मंगेशकरांचे युग आले. उमादेवींचे गाणे मागे पडले. १९५० च्या 'बाबुल'मध्ये दिलीपकुमारसोबत त्या पडद्यावर आल्या आणि टुणटुण झाल्या. तेव्हापासून त्यांचा देह हाच विनोद ठरला. प्रेम सडपातळ नायिकेच्या वाट्याला, हसू यांच्या. नायिकेला मात्र आपल्या देहाचा खुलासा कधी द्यावा लागला नाही.

त्यांनी या कामावर संसार चालवला. त्यात कमीपणा नाही. २००३ साली त्या मुंबईतच वारल्या. कमीपणा असेल तर तो हसणाऱ्या आपल्यात आहे. आपण त्यांचा आवाज विसरलो आणि नावाची शिवी केली.