दहशतवादाचा हेतू आणि लोकशाहीची कसोटी

धार्मिक अतिरेकी दहशतवादाचे लक्ष्य केवळ बळी पडणारी माणसे नसतात. समाजात भीती पसरवणे, धर्माधर्मांत दुही माजवणे आणि शासनाला कायद्याची चौकट ओलांडण्यास भाग पाडणे, हे त्याचे मूळ हेतू होत. २६ नोव्हेंबर २००८ रोजी लष्कर-ए-तोयबाच्या १० अतिरेक्यांनी मुंबईवर केलेल्या हल्ल्यात १६६ जण मृत्युमुखी पडले. ठार झालेल्या ९ अतिरेक्यांच्या दफनास मुंबईतील मुस्लिम संस्थांनी जागा नाकारली. दुहीचा डाव तेथेच फसला. जिवंत पकडलेल्या अजमल कसाबला वकील मिळाला, अपिलाची संधी मिळाली. सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केल्यानंतरच २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवडा कारागृहात त्याला फाशी देण्यात आली. त्याच खटल्यातील दोन भारतीय आरोपी सबळ पुराव्याअभावी निर्दोष सुटले.

हल्ल्याचा परिणाम कायद्यांवरही झाला. डिसेंबर २००८ मध्ये राष्ट्रीय तपास संस्थेचा कायदा संमत झाला. बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यातील दुरुस्तीमुळे आरोपपत्राविना कोठडीची मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवता येऊ लागली आणि जामीन दुष्कर झाला. अशा तरतुदींखाली निरपराध माणूस वर्षानुवर्षे तुरुंगात राहिला, तर अतिरेक्यांना अभिप्रेत असलेली हानी लोकशाही स्वतःच्याच हाताने करून घेते.