प्रतिकृती रेल्वेतील जलदृश्ये
रेल्वेच्या छोट्या प्रतिकृतीत नदी, तळे वा धबधबा दाखवण्याची कला. खरे पाणी सहसा वापरत नाहीत. १:८७ प्रमाणात थेंब आणि तरंग लहान होत नाहीत, आणि नदी डबक्यासारखी दिसते. खोलीचा भास रंगातून येतो : प्लास्टरचे पात्र मध्यभागी गडद, काठाकडे फिकट. फटी बुजवून पात्रात एपॉक्सी रेझिनचे पातळ थर ओततात. आधीचा घट्ट झाल्यावरच पुढचा. दमट हवेत रेझिन पांढुरके पडते, म्हणून हे काम पावसाळ्यात न काढलेलेच बरे.

प्रतिकृतीसाठी नाशिक जिल्ह्यातील सुरगाण्याचा परिसर घेतला, तर तिथे रेल्वे नाही, पण शेजारच्या डांगमधील वघईपर्यंत बिलिमोऱ्याहून ७६२ मिमी रुंदीचा मार्ग येतो. १:८७ मध्ये तो जेमतेम ९ मिमी भरतो. या मुलखातल्या नदीला निळा रंग देणे चूकच : पावसाळ्यात ती तांबूस गढूळ, उन्हाळ्यात खडकांतले हिरवट डोह. सुरगाणा तालुक्यातील भिवताससारखा धबधबा करायचा तर पारदर्शक ॲक्रिलिक जेलच्या उभ्या रेघा पॉलिथिनवर ओढतात, वाळल्यावर सोलून कड्याला चिकटवतात. पांढरा रंग, तोही जवळजवळ कोरड्या ब्रशने, पाणी आपटते तेवढ्याच जागी.