सोव्हिएत राजवटीतील विश्रांतीचा हक्क : विश्रामस्थळे आणि सुट्टीतील प्रवास (१९२०–१९९१)

प्रस्तावना

सोव्हिएत संघाच्या इतिहासाचा विचार करताना पंचवार्षिक योजना, सामुदायिक शेती, महायुद्ध आणि शीतयुद्ध हे विषय साहजिकच अग्रभागी येतात. कामगार कारखान्यात काय करीत होता याची नोंद विपुल आहे. तो सुट्टीत कोठे जात होता, कोणाबरोबर जात होता आणि कोणाच्या परवानगीने जात होता, या प्रश्नांकडे इतिहासकारांचे लक्ष तुलनेने उशिरा वळले. ॲन गोरसच आणि डायान केंकर यांनी संपादित केलेला ‘तुरिझ्म’ (२००६) हा ग्रंथ आणि केंकर यांचे ‘क्लब रेड’ (२०१३) हे पुस्तक यांमुळे या अभ्यासाला निश्चित दिशा मिळाली. मराठी वाचकाला अण्णा भाऊ साठे यांच्या १९६१ मधील प्रवासावर आधारलेल्या ‘माझा रशियाचा प्रवास’ या पुस्तकामुळे पाहुण्याच्या नजरेतून दिसणारा सोव्हिएत देश परिचित आहे. प्रस्तुत लेखात खुद्द सोव्हिएत नागरिकाच्या प्रवासाचा विचार केला आहे. राज्याने विश्रांतीला हक्काचे स्थान दिले, परंतु हा हक्क वाटपाच्या स्वरूपात दिल्यामुळे तो कोणाला मिळाला आणि कोणाला नाकारला गेला, हाच त्याच्या मूल्यमापनाचा खरा निकष ठरतो, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

राजवाड्यातून आरोग्यधामाकडे

क्रांतिपूर्व रशियात काळ्या समुद्राचा किनारा आणि कॉकेशसमधील खनिज झऱ्यांची गावे ही उच्चवर्गीयांची विश्रामस्थाने होती. चेखवच्या ‘कुत्रेवाली बाई’ या १८९९ मधील कथेतील याल्टा हे त्याच जगाचे चित्र आहे. जर्मन भाषेतून आलेला ‘कुरोर्त’ हा शब्द अशा स्थळांसाठी रशियन भाषेत रूढ झाला होता. १९१९ मध्ये उपचारोपयोगी स्थळांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि डिसेंबर १९२० मध्ये क्रिमियाचा उपयोग श्रमिकांच्या उपचारासाठी करण्याचा हुकूम लेनिन यांच्या स्वाक्षरीने निघाला. झार दुसरा निकोलस याच्यासाठी १९११ मध्ये बांधून पूर्ण झालेल्या लिवादिया राजवाड्यात १९२५ मध्ये शेतकऱ्यांसाठी आरोग्यधाम सुरू झाले. सत्तांतराचा अर्थ सामान्य माणसाला समजावून सांगण्यासाठी याहून प्रभावी प्रतीक क्वचितच सापडेल. त्याच वर्षी गुरझुफजवळ ‘आर्तेक’ ही बालशिबिराची वसाहत तंबूंमध्ये सुरू झाली आणि पुढे ती देशातील सर्वांत प्रतिष्ठित बालशिबिर ठरली.

१९२२ च्या श्रमसंहितेने दोन आठवड्यांची भरपगारी वार्षिक रजा दिली. १९३६ च्या राज्यघटनेतील ११९ व्या कलमाने विश्रांतीच्या हक्काला घटनात्मक दर्जा दिला आणि त्याच्या पूर्ततेसाठी मर्यादित कामाचे तास, भरपगारी रजा आणि आरोग्यधामे, विश्रामगृहे व क्लब यांचे जाळे ही साधने नमूद केली. हक्काबरोबर त्याच्या पूर्ततेचे साधनही सांगणे हे या कलमाचे वैशिष्ट्य होय.

विश्रांती : दुरुस्ती की आनंद?

हा हक्क देण्यामागील विचार प्रामुख्याने वैद्यकीय आणि उत्पादनकेंद्री होता. यंत्राची जशी वेळोवेळी दुरुस्ती करावी लागते, तशी श्रमिकाच्या शरीराचीही करावी लागते, अशी ही धारणा होती. त्यामुळे मुक्कामाची सुरुवात डॉक्टरांच्या तपासणीने होई. आहार, स्नान, व्यायाम आणि सूर्यप्रकाशाचे प्रमाणही ठरवून दिलेले असे. दुपारच्या जेवणानंतरच्या सक्तीच्या विश्रांतीला ‘मृत तास’ असे नाव होते. १९२० च्या दशकात रुग्णाचे वजन किती वाढले यावरून मुक्कामाचे यश मोजले जाई. उपासमारीच्या वर्षांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या समाजात हा निकष अस्वाभाविक म्हणता येणार नाही.

१९३० च्या दशकात सोची हे या धोरणाचे प्रदर्शनस्थळ बनले. मात्सेस्ता येथील गंधकयुक्त झऱ्यांच्या सान्निध्यात वसलेल्या या शहरात सेनादलासाठी मिरोन मेर्झानोव यांनी रचलेले वोरोशिलोव आरोग्यधाम १९३४ मध्ये, तर खाणकामगारांसाठीचे ओर्जोनिकिद्झे आरोग्यधाम १९३७ मध्ये उभे राहिले. स्तंभ, कारंजी आणि समुद्राकडे उतरणाऱ्या रुंद पायऱ्या यांतून श्रमिकाला राजवाड्याचा उपभोग मिळत असल्याचा संदेश दिला जात होता.

मात्र या व्यवस्थेत कुटुंबाला स्थान नव्हते. आरोग्यधामात वा विश्रामगृहात राहण्याचा परवाना, म्हणजे ‘पुत्योव्का’, बहुधा एकट्या कामगाराच्या नावे मिळे. पतीला एका महिन्यात किस्लोवोद्स्क, पत्नीला दुसऱ्या महिन्यात याल्टा आणि मुलांना पायोनियर शिबिर, अशी कुटुंबाची विभागणी होई. १९२९ मध्ये सुरू झालेल्या अखंड उत्पादनाच्या आठवड्यातही हाच दृष्टिकोन दिसतो. कामगारांचे पाच गट पाडून प्रत्येकाला वेगळा सुट्टीचा दिवस दिल्यामुळे एका घरातील माणसांनाही समान सुट्टी उरली नाही. सात दिवसांचा आठवडा आणि रविवारची सुट्टी १९४० मध्ये पुन्हा लागू झाली.

पुत्योव्का आणि वशिला

पुत्योव्काच्या किमतीचा मोठा भाग सामाजिक विमा निधीतून दिला जात असे. काहींना ती विनामूल्यही मिळे. १९६० मध्ये बहुतेक आरोग्यधामे कामगार संघटनांच्या अखत्यारीत आली. किंमत कमी आणि मागणी प्रचंड, अशा स्थितीत खरे चलन पैशाचे न राहता ओळखीचे झाले. जुलै-ऑगस्टमधील सागरकिनाऱ्याची पुत्योव्का मिळविण्यासाठी संघटनेच्या समितीतील वजन, अधिकाऱ्यांची मर्जी किंवा ‘ब्लात’, म्हणजे आपल्याकडील वशिला, उपयोगी पडे. ज्याला हे साध्य नसे, त्याच्या वाट्याला नोव्हेंबर येई.

सामुदायिक शेतीवरील शेतकऱ्यांची स्थिती याहून बिकट होती. लिवादियात शेतकऱ्यांसाठी आरोग्यधाम उघडणाऱ्या राज्याने १९३२ मध्ये अंतर्गत पारपत्राची पद्धत सुरू केली, तेव्हा बहुसंख्य ग्रामीण जनतेला तिच्याबाहेर ठेवले. त्यांना पारपत्र देण्याचा निर्णय १९७४ मध्ये झाला. संघटित कामगाराचा हक्क आणि शेतकऱ्याचे वास्तव यांतील हे अंतर लक्षणीय आहे.

‘रानटी’ पर्यटकांचा उदय

स्टालिनोत्तर काळात चित्र पालटू लागले. १९६७ मध्ये पाच दिवसांच्या आठवड्याकडे संक्रमण झाले आणि १९६८ पासून किमान रजा १५ कामकाजी दिवसांची झाली. सिम्फेरोपोल ते याल्टा हा सुमारे ८६ किलोमीटरचा ट्रॉलीबस मार्ग १९६१ मध्ये पूर्ण झाल्याने रेल्वेने आलेल्या प्रवाशाला थेट समुद्र गाठता येऊ लागला. आता पुत्योव्काविना, स्वखर्चाने, मुलाबाळांसह निघणाऱ्यांची संख्या वाढली. त्यांना ‘दिकारी’, म्हणजे रानटी, असे विनोदाने म्हटले जाई. सेर्गेई मिखाल्कोव यांचे याच नावाचे नाटक आणि त्यावर आधारित ‘तीन अधिक दोन’ (१९६३) हा लोकप्रिय चित्रपट यांमुळे हा शब्द घरोघरी पोहोचला.

हे पर्यटक स्थानिक घरमालकिणीकडून एखादी खोली, पडवी किंवा नुसती खाट भाड्याने घेत आणि उपाहारगृहापुढे तासन्‌तास रांगा लावत. ‘मृत तास’ नसलेली ही गैरसोयीची सुट्टी त्यांनी का पसंत केली? कारण तेथे कुटुंब एकत्र राहू शकत होते. नियोजनाच्या आकडेवारीत न बसणारे हे लोक मोठ्या विश्रामस्थळी नियोजित पाहुण्यांहून संख्येने अधिक भरू लागले, तेव्हा राज्यालाही सहकुटुंब राहण्याच्या सोयींचा विचार करावा लागला. नागरिकांनी कोणतीही चळवळ न करता, केवळ आपल्या प्रवासाने, धोरणाला वळण लावल्याचे हे उदाहरण आहे.

रिकामा केलेला किनारा

या इतिहासाची दुसरी बाजू विसरणे मात्र अप्रामाणिकपणाचे ठरेल. १८ मे १९४४ पासून अवघ्या तीन दिवसांत सुमारे १ लाख ९० हजार क्रिमियन तातारांना शत्रूशी संगनमताच्या सामूहिक आरोपाखाली हद्दपार करून मुख्यतः उझबेकिस्तानात पाठविण्यात आले. त्यानंतर नऊ महिन्यांच्या आत लिवादियात याल्टा परिषद भरली. तातार गावांची नावेही बदलण्यात आली. लेखकांच्या विश्रामगृहासाठी प्रसिद्ध असलेले कोक्तेबेल १९४५ मध्ये ‘प्लानेर्स्कोये’ झाले. १९६७ मध्ये सामूहिक आरोप मागे घेण्यात आला, तरी वास्तव्याची नोंदणी नाकारून परतणाऱ्यांना रोखले जाई. सामूहिक पुनरागमन १९८० च्या दशकाच्या अखेरीसच शक्य झाले. म्हणजेच देशभरातील कामगार ज्या किनाऱ्यावर हक्काने विश्रांती घेत होता, त्या किनाऱ्यावर तेथील मूळ रहिवाशाला राहण्याचाही हक्क नव्हता. सुट्टीसाठी आलेल्या बहुतेकांना याची जाणीवही नसावी, आणि नव्या नावांनी ती होऊ न देण्याचेच काम केले.

अखेर

विश्रामस्थळे आणि सत्ता यांचा संबंध शेवटपर्यंत टिकला. ऑक्टोबर १९६४ मध्ये ख्रुश्चेव पित्सुंदा येथे सुट्टीवर असतानाच त्यांच्या पदच्युतीची तयारी पूर्ण झाली. ऑगस्ट १९९१ मध्ये गोर्बाचेव यांना क्रिमियातील फोरोस येथे नजरकैदेत ठेवण्यात आले. संघाच्या विघटनानंतर अनुदान आटले आणि अनेक वास्तू ओस पडल्या. जॉर्जियातील त्सखाल्तुबो येथील आरोग्यधामांत १९९२–९३ च्या अबखाझिया युद्धातील विस्थापित कुटुंबांनी आश्रय घेतला आणि २४ दिवसांच्या मुक्कामासाठी बांधलेल्या खोल्यांत त्यांची वर्षानुवर्षे गेली.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन बाबी स्पष्ट होतात. पहिली, भरपगारी रजा आणि उपचार यांना घटनात्मक हक्काचा दर्जा देऊन सोव्हिएत राज्याने लक्षावधी लोकांना प्रथमच समुद्र दाखविला. ही उपलब्धी नाकारता येत नाही. दुसरी, हा हक्क श्रमशक्तीच्या दुरुस्तीसाठी दिला गेला असला, तरी लोकांनी तो हळूहळू कौटुंबिक सहवासाचा काळ बनविला. तिसरी, देणाऱ्याच्या हाती यादी असेपर्यंत हक्क आणि कृपा यांतील सीमारेषा पुसट राहते. शेतकरी त्या यादीच्या बाहेर राहिला आणि तातार तर नकाशावरूनही पुसला गेला. म्हणून विश्रांतीच्या इतिहासाची साधने तपासताना पाहुण्यांच्या नोंदवहीइतकेच लक्ष, त्या नोंदवहीत ज्यांचे नाव कधीच आले नाही त्यांच्याकडेही द्यावयास हवे.